अचलरावांची वेबसाइट

माझ्या बाबांना त्यांच्या धंद्यातली माणसं अचलराव म्हणतात. खरं नाव निराळंच आहे, पण कार्यक्रमाच्या फलकांवर हेच लागत गेलं आणि बाबांनी ते ऐटीत लावून घेतलं. बाबा शब्दभ्रमकार आहेत. म्हणजे मांडीवर एक लाकडी बाहुला घेऊन बसतात, बाहुला बोलतो, भांडतो, टोमणे मारतो आणि बाबांचे ओठ हलत नाहीत. जरासुद्धा नाही. छत्तीस वर्षं शाळांच्या संमेलनांत, वाढदिवसांना, कारखान्यांच्या कार्यक्रमांत लोकांनी डोळे ताणताणून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. मी त्यांची मुलगी, म्हणजे कौतुक करणारच असं वाटेल. पण मी सहजासहजी कौतुक करणाऱ्यांतली नाही, आमच्या घरात कुणालाही विचारा. घरात म्हणजे आईला. तिसरं आहेच कोण!

तिसरा आहे म्हणा. तात्या. टक्कल, जाड भुवया, आईने शिवलेला चौकड्यांचा कोट आणि कायमची कुरकुर. तात्या स्वतःला 'मी' म्हणत नाही. 'तात्याला चहा दे', 'तात्याला आलाय कंटाळा' असंच बोलतो. प्रेक्षकांना वाटतं, काय हा बाहुल्याचा तोरा! खरी गोष्ट अशी की प, फ, ब, भ, म हे आवाज ओठाला ओठ लावल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून तात्याच्या बोलण्यात ते नाहीतच. तात्या पाणी मागत नाही, चहा मागतो. 'पण' म्हणायच्या जागी 'तरी' म्हणतो. बाबांच्या वह्यांच्या वह्या भरलेल्या आहेत अशा अडचणीच्या शब्दांनी आणि त्यांच्यावर काढलेल्या वाटांनी. आणि बाबांना तात्या हाक मारतो ती 'शहाण्या' अशी.

मी पाच वर्षांची असताना हे मला अजिबात खपत नसे. एकदा मी तात्याच्या नाकासमोर बोट नाचवून बजावलं, "त्यांना शहाण्या म्हणायचं नाही. बाबा म्हणायचं."

तात्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "नाही" म्हणाला. मी भोकाड पसरलं. दोन दिवस तात्याशी अबोला धरला, जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसले. ओठांची ही भानगड मला कळली ती पुढे चार-पाच वर्षांनी, तोवर माझा राग विरला होता. बाबांच्या मनातून मात्र ती गोष्ट गेली नव्हती, हे मला या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

या वर्षी काय झालं, तर शहरात नवीन सभागृह उघडलं. दर रविवारी सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, वर्षभर, एकाच कलाकाराचा. गेली दोन वर्षं बाबांना महिन्यातून एखादं बोलावणं आलं तर आलं. तेव्हा ते कोट इस्त्री करून सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंना भेटायला गेले. बाई चांगल्या बोलल्या. लहानपणी तात्याला पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. "पण काका, हल्ली पालक आधी वेबसाइट बघतात आणि मग तिकिटं काढतात," त्या म्हणाल्या. "तुमची साइट सोमवारपर्यंत पाठवा. एका चेंडू उडवणाऱ्या कलाकाराची आलीय, फारच देखणी आहे."

बाबा घरी आले, तात्याला पेटीत ठेवलं आणि पेटीवर हात ठेवून म्हणाले, "हे जमलं तर जमलं. नाहीतर आता ही पेटी माळ्यावर."

ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. साध्या आवाजात म्हणाले, म्हणून भांडता आलं नाही.

वेबसाइट करणं हा माझा धंदा. नऊ वर्षं मी दातांचे डॉक्टर, फरश्यांची दुकानं, वाहन शिकवणाऱ्या शाळा यांची पानं करतेय. नऊ वर्षांत माझ्या स्वतःच्या बापाचं पान करायचं मला सुचलं नाही, ही माझी अक्कल. मी लॅपटॉप घेऊन आले, जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि बाबांना शेजारी बसवून पानांचे नमुने दाखवायला लागले.

पहिला नमुना काळ्या पार्श्वभूमीचा. सोनेरी अक्षरं, मागे धूर, प्रकाशाच्या झोतात लांबवर एक माणूस.

"हाच!" बाबा म्हणाले.

"यात तुमचा चेहरा वाटाण्याएवढा दिसतोय, बाबा."

"रुबाब आहे की."

आईने भाजी निवडता निवडता मान वर केली. "हा रुबाब नाही, हा जादूगार आहे. लोक येऊन ससा मागतील."

दुसरा नमुना रंगीबेरंगी. फुगे, ढग, हाताने काढल्यासारखी चित्रं. तात्याचं व्यंगचित्र मी हौसेने काढून घातलं होतं, बाबांचंही. बाबा परत म्हणाले, "हाच!" मी सांगितलं की हे पाहून वाटेल, खेळण्यांचं दुकान आहे. बाबांनी नाक मुरडलं.

मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. पानाच्या वरच्या भागात मोठा व्हिडिओ, पान उघडताच आपोआप सुरू होणारा. एका जुन्या कार्यक्रमाचं चित्रण होतं, ते लावलं. हल्ली सगळ्यांना असंच हवं असतं, आणि त्या चेंडूवाल्याचंही तसंच होतं. लॅपटॉप आईकडे वळवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

आईने मिनिटभर पाहिलं. "हे दोघं बस चुकल्यासारखे काय बसलेत?"

मी वाकून पाहिलं. असे आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आवाज बंद करूनच सुरू होतात. कुणी दचकू नये म्हणून तशी रीतच आहे. फरशीला आवाज नसतो. हवेत उडणाऱ्या चेंडूंनाही आवाजाची गरज नसते. पण शब्दभ्रमकाराचा आवाज बंद केला की उरतो काय? खुर्चीवर बसलेला एक गृहस्थ आणि जबडा हलवणारा एक लाकडी म्हातारा. नऊ वर्षांचा माझा अनुभव आईने भाजी निवडता निवडता धुळीला मिळवला.

मी चिडून म्हटलं, "मग फोटो लावते मोठा. त्याखाली बटण. दाबलं की तात्याचा आवाज."

आता बाबा खो खो हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अगं, फोटोत सगळ्यांचेच ओठ गप्प असतात! त्यात माझं कर्तृत्व काय?"

मीही हसले, हसणं भागच होतं. पण हसता हसता माझ्या डोक्यात एक गोष्ट लखकन चमकली. बाबांना आवडलेले दोन्ही नमुने कसे होते? एकात चेहरा वाटाण्याएवढा, दुसऱ्यात चेहराच नाही.

"बाबा, तुम्हाला चेहरा दाखवायचा नाहीये का?"

हसणं थांबलं. आई उठून उगाच पाणी भरायला गेली, तिला माहीत होतं.

बाबांनी सहा महिन्यांपूर्वी कवळी बसवली होती, वरची पूर्ण. मला वाटलं होतं, नीट बसली. "बसलीय, पण परकी आहे," ते म्हणाले. "जीभ कुठे टेकवायची तेच तिला नव्याने शिकवावं लागतंय. खालचा ओठ मधूनच थरथरतो. छत्तीस वर्षं मी पहिल्या रांगेपासून दहा फूट लांब बसलो. दहा फुटांवरून हे कुणाला दिसत नाही. तुझा कॅमेरा वीतभर अंतरावर येणार. छत्तीस वर्षांचं नाव आणि एवढासा ओठ."

मी लॅपटॉप परत माझ्याकडे वळवला.

"काळा नमुना लावते," मी म्हटलं. "चेहरा लांबच ठेवू."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. टेबलावर बोट टकटक करत ते लॅपटॉपकडे बघत राहिले. "दातांच्या डॉक्टरांसाठी तू कोणता वापरतेस?"

मी उघडून दाखवला. साधा पांढरा. ना चित्र ना धूर. मधोमध एक भलामोठा चेहरा, इतका जवळ की एकेक दात मोजावा. बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही, काही वाजत नाही.

"हा," बाबा म्हणाले. या वेळी 'हाच!' असं ओरडले नाहीत. "आवाजासकट, जवळून, मधे कुठेही न कापता. आपली कला दुसऱ्या कशात दिसणारच नाही. मला रविवारपर्यंत वेळ दे."

पुढचे चार दिवस बाबा न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभे राहायचे. दार बंद. बाहेर नुसते तुटक आवाज यायचे, बोबडं मूल बोलायला शिकतंय तसे. "दा... ग्दा... दा..." मधेच नळ सोडायचे, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. मी आईला विचारलं, कवळी दुखतेय का? आई म्हणाली, "तू तुझं पान कर." मी रंग, अक्षरं, बटणाची जागा ठरवत बसले. पान पांढरं ठेवणं फार अवघड असतं, हात सारखा काहीतरी घालायला जातो. मी फक्त नाव ठेवलं, व्हिडिओची चौकट आणि फोन नंबर.

रविवारी सकाळी खिडकीतून चांगला उजेड आला तेव्हा बाबा दाढी करून, कडक कॉलर लावून खुर्चीवर बसले. मांडीवर तात्या. मी मोबाइल हातात धरून उभी राहिले.

"जवळ ये," बाबा म्हणाले. मी एक पाऊल पुढे गेले. "अजून." मी आणखी पुढे गेले. चौकटीत आता फक्त दोन चेहरे होते, एक लाकडी, एक माझ्या बाबांचा, सुरकुत्यांसकट. "आता तू विचार, तात्या सांगेल."

मी सुरू केलं आणि विचारलं, "तात्या, कसं काय?"

"तात्याला चहा दे, नंतर चौकशी कर," तात्या खेकसला.

बाबांचे ओठ शांत होते. मी श्वास रोखून खालच्या ओठाकडे बघत होते. मी प्रश्न विचारत गेले, तात्या फटकारत गेला. कोट कुणी शिवला, केस कुठे गेले, शाळेत गेला होतास का. ओठ शांत. दोन मिनिटं झाली, तीन झाली. माझ्यासमोर वीतभर अंतरावर साठीचा एक माणूस परक्या दातांनी ते काम करत होता, जे भल्याभल्यांना स्वतःच्या दातांनी जमत नाही. मला त्यांचा अभिमान वाटत होता, हे मी सरळच सांगते.

शेवटचा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात असतो. बाहुल्याला विचारायचं, तू ज्याच्या मांडीवर बसलायस तो कोण? त्यावर तात्या म्हणतो, "हा? हा शहाणा." लोक हसतात, पडदा पडतो. मी बाबांकडे बोट दाखवलं.

"तात्या, हे कोण?"

तात्याने मान वळवून बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ, तीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच.

"हे?" तात्या म्हणाला. "हे हिचे बाबा."

स्वच्छ. दोन्ही 'ब'. आणि बाबांचे ओठ तसेच, तसूभरही न हललेले.

"शहाणे आहेत," तात्या म्हणाला.

नंतर बाबांनी मला सांगितलं ते असं. जीभ वरच्या दातांमागे दाबून आतून दाब दिला तर ऐकणाऱ्याला 'ब' ऐकू येतो. त्यांच्या गुरुजींना यायचं. बाबांना छत्तीस वर्षांत जमलं नव्हतं. मी अबोला धरला, तेव्हापासून ते मधूनमधून करून बघायचे आणि सोडून द्यायचे. कवळीची दातांमागची कड जाड निघाली, जिभेला टेकायला जागा मिळाली. "डॉक्टर म्हणाले घासून देतो," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार!"

सोमवारी मी पान पाठवलं. दुपारी व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्यांनी व्हिडिओ सहा वेळा पाहिला होता, शेवटी पडद्याला नाक लावून. वर्षभराचे रविवार बाबांचे झाले. आईने तात्यासाठी नवीन कोटाचं कापड काढलं. बाईंची एकच सूचना होती. शेवटचे दोन सेकंद कापून टाका, चित्र हलतंय तिथे.

मी नाही कापले. बाबांनी न कापता म्हटलं होतं. आणि जे हलतंय तो त्यांचा ओठ नाही, माझा हात आहे.