चौकातले बारा सेकंद

विद्यापीठासमोरच्या चौकातल्या सिग्नलचे दिवे महापालिकेचे, पण त्यामागचं गणित विद्यापीठातल्या आमच्या वाहतूक अभियांत्रिकी विभागाचं. रस्ता ओलांडायला माणसाला बारा सेकंद पुरतात, हे मीच ठरवलं आहे.

काल मी त्याच सिग्नलला गाडीत बसलो होतो. एक आजी भाजीची पिशवी सावरत रस्ता ओलांडायला निघाल्या आणि अर्ध्यातच त्यांचे बारा सेकंद संपले. आमचा दिवा हिरवा झाला. शेजारचा रिक्षावाला खेकसला, "ओ आजी, उरका की!" आजींनी घाबरून तळहात पुढे धरला. तेवढ्याशा हातावर अख्खा चौक थोपवून धरायचा होता त्यांना.

हे बारा सेकंद कुठून आले? मोजमापासाठी आम्ही आमच्याच विद्यार्थ्यांना रस्ता ओलांडायला लावलं होतं. विशीतली पोरं, पायात बूट, आणि पलीकडे चहाची टपरी. ती चालली कसली, पळतच सुटली. म्हातारी माणसं गोळा करायचा कंटाळा आम्हालाच आला. शोधनिबंधात मी लिहिलं, 'सरासरी पादचारी', आणि त्यावर बढतीही घेतली. हा सरासरी पादचारी मला रस्त्यावर कधी भेटलेला नाही. त्याचे गुडघे दुखत नाहीत. त्याच्या हातात पिशवी नसते.

आजी आता माझ्याच गाडीसमोर होत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "थांब रे बाळा, चारच पावलं राहिलीत."

दिवा हिरवा होता. गणित माझ्या बाजूने होतं. मी हॉर्न वाजवला.