अर्ध्यावर मोडणारे डाव

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अब्बांची वाचा गेली. मस्कतहून भाईचा दर शुक्रवारी फोन येई. अब्बा रिसीव्हर हातात घेत नसत. मग भाईने उपाय काढला: इंटरनेटवर बुद्धिबळ. खेळ त्याला अब्बांनीच शिकवला होता. जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की रत्नागिरीतल्या आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर सुरू होई. अब्बा डाव्या हाताने पडद्यावर घर दाखवत, मी माऊसने मोहरं हलवत असे.

एकही डाव पुरा होत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांत पट गोठायचा. तोही नेमका भाई अडचणीत आल्यावर. अब्बांनी त्याचा अर्थ लावला आणि वहीत वाकड्या अक्षरांत लिहिलं: पळतो.

"मी पळालो नाही, सांग त्यांना," भाई फोनवर म्हणाला.

सांगितलं. दिवा आपल्याच मोडेमचा विझतो, हेही दाखवलं. अब्बांनी हात झटकला. लहानपणी हरायला लागला की भाई कॅरम उधळून द्यायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या शुक्रवारी त्यांनी लिहिलं: आता शेवटचं, एकदाच खेळेन.

मधल्या आठवड्यात मी मोडेमची वायर बदलली. लाइनमन खांबावर चढून आला. "लाइन साफ आहे. तुमच्या घरातच बघा काय ते," तो म्हणाला. मग, कधी तुटतं हे टिपून ठेवलेला कागद पुन्हा वाचला. प्रत्येक वेळी त्याआधी अब्बा हसले होते, हे तेव्हा लक्षात आलं. आजारानंतर त्यांचं हसू मोठं, घोगरं झालं होतं, स्वयंपाकघरापर्यंत जायचं.

स्वयंपाकघरात दुसरा फोन होता, इंटरनेटचा मोडेम ज्या लाइनवर चाले त्याच लाइनवरचा. परदेशाचा कॉल महाग, म्हणून आमच्याकडे रीत अशी की हॉलमध्ये एकजण बोले आणि अम्मी आतला फोन उचलून गुपचूप ऐके.

"तू शुक्रवारी आतला फोन उचलतेस का?" मी विचारलं.

"उचलते. का?"

"त्यानेच तुटतं सगळं."

"मी कुठे बोलते? नुसती ऐकते. हे एवढे हसतात, म्हणजे तो काहीतरी बोलला असणार."

"काय ऐकू येतं?"

"खरखर," ती म्हणाली. "नंतर तीही जाते. मला वाटलं, मस्कतची लाइन खराब."

त्या शुक्रवारी आतल्या फोनची पिन तिने स्वतः काढली. अर्ध्या तासाने भाईचा वजीर अडकला आणि अब्बा हसले. अम्मी हात पुसत बाहेर आली.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. वजीर गेला त्याचा."

"त्यात एवढं हसण्यासारखं काय?" म्हणत ती खुर्ची ओढून बसली.

अब्बा आता पटाकडे नाही, मोडेमच्या दिव्याकडे बघत होते. दिवा चालू राहिला. भाईने बराच वेळ घेतला, मग एक प्यादं पुढे सरकवलं. हरणार हे त्यालाही दिसत असावं. तरी तो एकेक चाल खेळत राहिला आणि त्यानंतर नवव्या चालीला त्याच्यावर मात झाली.

अब्बांनी वही मागितली. लिहायला त्यांना वेळ लागे. अम्मी वाकून बघत होती. त्यांनी लिहिलं: त्याला सांग, उंट आधी काढायला हवा होता.

मी ते टाइप केलं. लगेच उत्तर आलं: परत मांडा.