शालन माहेरी आली नाही

दुसरा चहा सांगितला आणि तो येईपर्यंत शालन गेली. सकाळची वेळ, कोथरूडच्या घरातली गॅलरी, मांडीवर पेपर. तिची मुलगी अनघा कप घेऊन आली तेव्हा चष्मा नाकावर तसाच होता. "मंगलमावशी, मला वाटलं आईला डुलकी लागली..." फोनवर ती एवढंच बोलली. मग रिक्षात बसल्यावर, लकडी पुलावर कुठंतरी, रडता रडता मला हसू आलं. वाट बघणं शालनला जन्मात कधी जमलं नाही. चहाचीसुद्धा नाही.

आता महिना उलटून गेला. सांत्वनाला येणारे लांब चेहरे करून येतात आणि निघताना पोट धरून हसत निघतात, कारण प्रत्येकाकडे तिचा एक किस्सा असतो. माझ्याकडचा मी इथं सांगते.

आम्ही दोघी नारायण पेठेतल्या, शेजारच्या गल्ल्यांमधल्या. नर्सिंगलाही बरोबरच गेलो. शालन उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की ती वॉर्डच्या एका टोकाला हसली तर दुसऱ्या टोकाचा पेशंट कुशीवर वळायचा. शिक्षण संपल्यावर मला शहरातच नोकरी लागली. तिची नेमणूक झाली धरणाच्या पाण्यापलीकडे, वाघजाईवाडी नावाच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात. स्वारगेटहून एसटी, मग लाँच, मग चढण. तिथं कुठलीच सिस्टर टिकत नाही, असं सगळे सांगत होते. तिची आई, म्हणजे आमच्या माई, म्हणाल्या, "राजीनामा द्यायला एवढ्या लांब कशाला जायचं? इथूनच पाठव." शालन गेली, आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा उपकेंद्रातल्या बाळंतपणाच्या टेबलावर नाचणी वाळत घातलेली होती. "वापरात नाहीये ना, तेवढाच उपयोग," शालन म्हणाली. ताप, खोकला, जखमा, पोरांची इंजेक्शनं, सगळ्यासाठी वाडी तिच्याकडे यायची. बाळंतपणाला मात्र कुणी येत नव्हतं. बाळंतपणं घरोघरी व्हायची, धोंडाबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हातून. धोंडाबाईंचं म्हणणं साधं होतं. त्या पांढऱ्या खोलीत बाई एकटी पडती, आन् एकटी पडली की घाबरती. शालनचा त्यांच्यावर राग नव्हता. पण अडलेली बाई तिच्याकडे यायची ती फार उशिरा. एका पावसाळ्याच्या शेवटी एक पोर लाँचमध्येच गेली, शालनच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यानंतर शालन पुण्याला आली, आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. शालन गप्प बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पुढं तिनं वाडीतल्याच शाळेतल्या दिनकर गुरुजींशी लग्न केलं. गुरुजी कमी बोलणारे. दोघांच्या वाटचं ती बोलायची. दिवस राहिले तेव्हा माईंनी रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाची तयारी सुरू केली. डिंक आणला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. सातव्या महिन्यात शालन पुण्याला आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मी तिकडेच बाळंत होणार आहे. आमच्या उपकेंद्रात."

माईंनी आमटीचा डाव खाली ठेवला. "का? पुण्यातले दवाखाने बंद पडले?"

"मीच इथं पळून आले तर त्या बायकांना कुठल्या तोंडानं सांगू, की तुम्ही माझ्याकडे या म्हणून?"

"आणि तुझं बाळंतपण करणार कोण? तूच?"

शालननं माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोपर्यंत निवांत जेवत होते.

तिनं सगळी चोख तपासणी करून घेतली होती. डॉक्टरांनी सुरळीत आहे म्हणून सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत काठाला लाँच आणि पलीकडे जीप तयार ठेवायचंही कबूल केलं होतं. रजा मागायला गेले तेव्हा मेट्रननी कारण विचारलं. मैत्रिणीचं बाळंतपण, मी म्हणाले. "तुम्ही तिच्या आई आहात का?" असं विचारून त्यांनी सही केली. खरी आई स्वारगेटला डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन एसटीत माझ्या शेजारी बसली आणि लाँच येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. लाँचमध्ये मात्र माईंनी माझा हात धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी टेबल, हत्यारं, सगळं उकळून, पुसून तयार केलं, आणि दार उघडून बघते तो पडवीत अर्धी वाडी बसलेली. बायका, त्यांच्या कडेवरची पोरं, आणि एका कोपऱ्यात, पाठ फिरवून, धोंडाबाई. शालन आतून ओरडत होती, आणि अगदी मनसोक्त. मध्येच मला म्हणाली, "हळू ओरडू का गं?" आणि मी काही म्हणायच्या आत, "नको, ऐकू दे त्यांना. इथं ओरडलं तरी कुणी रागवत नाही, हे कळू दे." दोन कळांच्या मध्ये तिनं दाराकडे बघून हाक मारली, "धोंडाबाई, बाहेर काय बसलाय? मला एकटीला भीती वाटतीय. आत या. पण हात धुऊन."

धोंडाबाई आल्या. हात धुतले. शालननं टेबलावरूनच बघितलं आणि परत धुवायला लावले. मग त्या तिच्या उशाशी उभ्या राहिल्या, तिचं डोकं छातीशी धरलं आणि कंबर चोळत काहीतरी पुटपुटत राहिल्या. त्या हातांनी शालन जशी सैल झाली, तशी ती माझ्या कुठल्याच सूचनेनं झाली नव्हती.

दुपारी मुलगी झाली. झाली, पण रडली नाही. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या... पडवीतली कुजबुज बंद पडली होती. शालन कोपरांवर उठून बसायला बघत होती. "मंगल, बोल काहीतरी." मनात एकच, की ही रडली नाही तर शालनचं बाळ तर जाईलच, पण या दारातून पुन्हा कुणी आत येणार नाही. धोंडाबाई माझ्या हाताकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "चोळ, पोरी. थांबू नगं." मी चोळत राहिले. आणि मग ती रडली, पत्रा वाजावा तशी.

बाहेरून माईंचा आवाज आला, "आईवर गेलीय."

पडवी हसली. शालन हसली, मी रडले, आणि धोंडाबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात नेऊन सगळ्यांना असं दाखवलं, जसं काही सगळं त्यांनीच ठरवलं होतं. बारशाला अनघा नाव ठेवलं, पण वाडीत तिला पहिली म्हणत. अजूनही म्हणतात. त्या खोलीत जन्मलेली पहिली. दुसरी यायला फार दिवस लागले नाहीत. धोंडाबाईच आपल्या नातसुनेला घेऊन आल्या आणि दारातूनच शालनला ओले हात दाखवले. त्या होत्या तोवर दोघींनी मिळून वाडीतली बाळंतपणं केली. भांडत, एकमेकींना हुकूम सोडत, पण मिळून. नाचणीला दुसरी जागा शोधावी लागली.

निवृत्तीनंतर, गुरुजी गेल्यावर, शालन कोथरूडला अनघाकडे आली. पहिल्या महिन्यातच सोसायटीच्या वॉचमनची साखर तिनं ताब्यात घेतली आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याचं बीपी विचारायला लागली. आतली खोली तिची. पण ती तिच्या एकटीची कधीच नव्हती. वाडीतलं कुणी पुण्याला दवाखान्यात आलं की उतरायचं तिथं. पलंगाखाली गाद्यांच्या वळकट्या, खुंटीवर जास्तीचे टॉवेल, आणि पहाटेपासून आल्याच्या चहाचा वास.

गेल्या रविवारी मी गेले तर अनघा त्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. गाद्यांचं काय करावं, देऊन टाकाव्यात का, असं विचारत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात वाडीतली एक सून आणि तिची सासू. सासूचं डोळ्याचं ऑपरेशन. हातात पिशवी, पिशवीत तांदूळ.

अनघा अडखळत म्हणाली, "अहो, आई आता..."

"ठावं हाय की, बाय," सासू चपला काढत म्हणाली. "ती न्हाय म्हून दुसरीकडं उतरलो असतो, तर ती आमच्याशी बोलली असती का?"

अनघा तिच्या आईसारखीच, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी हसली. मी चहा टाकायला उठले. आतून गाद्या ओढल्याचा आवाज येत होता, आणि सून विचारत होती, खिडकीखाली कोण झोपणार.