गियर कव्हरच्या आतली खुंटी

मिस्त्रींना मधुमेहाने गाठलं त्याला बारा वर्षं झाली. बोटांनी दगा दिला तो गेल्या वर्षी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. पण सदऱ्याची चार बटणं लावायला दहा मिनिटं घेणारा माणूस "थंडीमुळे होतं" म्हणतो आणि भर उन्हाळ्यातही तेच म्हणतो, तेव्हा घरातलं माणूस किती दिवस फसणार?

"डॉक्टर म्हणाले होते ना, साखरेने बोटं बधिर होतात, सुई टोचली तरी कळायची नाही," बायको म्हणायची. "एखाद्या दिवशी हात मशीनमध्ये जाईल. बंद करा आता ती दुरुस्तीची शेड."

"बोटं शाबूत आहेत माझी," हे मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर. सात-आठ महिने हाच वाद. शेवटी एक दिवस ते वैतागून बोलून गेले, "रोपवाटिकेचा ट्रॅक्टर येतोय. त्याचं गियर कव्हर उघडावं लागणार दिसतंय, ते एकट्याने बसवून दाखवतो. नाही जमलं तर हत्यारं गुंडाळून ठेवीन." बोलले आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

ट्रॅक्टर आला. कमरेएवढा, एका सिलिंडरचा, डिझेलवरचा. रोपवाटिकेच्या बाई गाऱ्हाणं घेऊनच उतरल्या. "मिस्त्री, हा मध्येच किंचाळतो, मध्येच मरगळतो. धड एका चालीने चालत नाही."

"गव्हर्नर गेलाय," मिस्त्रींनी आवाज ऐकूनच सांगितलं. ओझं आलं की इंजिनला डिझेल वाढवून द्यायचं, ओझं उतरलं की कमी करायचं, एवढंच गव्हर्नरचं काम. कान अजून शाबूत होते, त्यांच्याबद्दल वादच नव्हता.

त्यांनी ऑइल काढलं, ज्याच्या आत गव्हर्नर असतो त्या गियर कव्हरचे बोल्ट सोडले. बोल्ट तीन लांबीचे. कुठला कुठे होता ते चुकू नये म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवले. गव्हर्नरच्या सहा छर्ऱ्यांनी, म्हणजे पोलादी गोळ्यांनी, आपली बसायची वाटी खाऊन टाकली होती. नवी वाटी, नवे छर्रे ग्रीस लावून बसवले. गियरच्या दातांवरच्या खुणा चष्मा लावून एकमेकींसमोर आणल्या. इथवर सगळं डोळ्यांचं काम, त्यामुळे मिस्त्री खुशीत शीळ घालत होते. बायको दाराशी स्टुलावर बसून बघत होती.

खरी गोम पुढे होती. कव्हरला आतून गव्हर्नरचा काटा असतो. कव्हर बसवताना डिझेल पंपाची बारीकशी खुंटी त्या काट्याच्या दोन दातांमध्ये यायलाच हवी. आली नाही, तर डिझेलवर कुणाचा ताबा राहत नाही. पंपाशेजारचं झाकण काढलं की दोन बोटांपुरती खिडकी उघडते. बाकीचे कारागीर तिथून बॅटरी मारून बघतात. मिस्त्रींनी जन्मात बघितलं नव्हतं. बोट आत घालायचं, खुंटी हलवायची, दोन्ही बाजूंना ती टेकलेली कळायची. पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक बॅटरी घेऊन वाकला की हे त्याला सगळ्यांसमोर विचारायचे, "काय रे, विहिरीत अंगठी पडली का?"

त्यांनी बोट आत घातलं. काहीच कळलं नाही. खुंटी नाही, काटा नाही, लोखंडाचा गारवासुद्धा नाही. बॅटरी मागच्या फळीवर होती आणि बायको समोर होती. हात मागे करून बॅटरी घेतली असती तर काम झालं असतं. पण मग हरलो, असं त्या हट्टी माणसाला वाटलं. नेहमी जेवढं बोट फिरवायचे तेवढं फिरवलं, नेहमीसारखी मान हलवली आणि झाकण लावून टाकलं.

ऑइल भरून हँडल मारलं. इंजिन पेटलं, आणि चढतच गेलं. मिस्त्रींनी रेस मागे ओढली, फरक नाही. डिझेलचा कॉक बंद केला, पण नळीत होतं तेवढं डिझेल त्याला पुरे होतं. शेडचे पत्रे थरथरायला लागले. ट्रॅक्टरसाठी थांबलेल्या बाई रस्त्यावर पळाल्या. मिस्त्रींनी गोणपाट उचललं, डावा हात टेकून वाकले आणि उजव्या हाताने इंजिनचं हवा ओढायचं तोंड दाबून धरलं. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले, थांबलं.

"बंद झालं," ते म्हणाले.

बायको धावत आली ती इंजिनकडे नाही. तिने त्यांचा डावा हात ओढला. तो सायलेन्सरवर टेकलेला होता, अजूनही. तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

तिने तो पाण्याच्या बादलीत बुडवला. "दुखतंय का?" तिने विचारलं.

मिस्त्री हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे.

"नाही," ते म्हणाले. "काहीच होत नाहीये गं. वर्ष झालं."

मग दाराशी परतलेल्या बाईंना म्हणाले, "बाई, याला हँडल मारू नका. ओढून पलीकडच्या गल्लीत न्या. तिथला मेकॅनिक बॅटरी मारून बघतो, नीट बसवेल. माझ्याकडे आता आणत जाऊ नका."

"अहो मिस्त्री, असं काय बोलता," बाई म्हणाल्या, पण ट्रॅक्टर ओढायला माणसं बोलवायला गेल्याच.

हे एवढं त्यांच्या तोंडून वदवून घेण्यासाठी बायको महिनोन्‌महिने भांडत होती. आता ते ऐकलं, आणि बादलीतला तो हात धरून ती रडायला लागली.