विचारायचं नाही, सांगायचं

मी विमान चालवायला शिकायचं ठरवलं तेव्हा परदेशातल्या आमच्या नोव्हाय गावातल्या सगळ्या मराठी काकूंनी मला वेड्यात काढलं. लायसन्स हातात आल्यावर पहिली सैर नवऱ्यालाच घडवली. त्याला उंचीची भीती, पण बायकोपुढे कबूल कोण करणार? भाड्याच्या दोन सीटच्या विमानात तो शेजारी ताठ बसला होता.

शेतांवरून मजेत चाललो होतो आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली सरकू लागला. मग समोरच्या काचेवर तेलाचे थेंब आले. तेल संपलं की इंजिन जाम होणार, हे गाड्यांच्या इंजिनांवर पोट भरणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं.

रेडिओवर जमिनीवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरला कळवलं. त्याने शांतपणे जरा लांबच्या मोठ्या विमानतळाकडे वळायला सुचवलं. तिथली धावपट्टी लांब, फायर ब्रिगेड तयार. पण माझ्या डाव्या पंखाखाली एक छोटा विमानतळ स्वच्छ दिसत होता. तरी मी काय म्हणावं? "सर, चालत असेल तर इथेच उतरू का?" व्हिसावर इतकी वर्षं काढली की माणूस श्वाससुद्धा विचारून घेतो.

"मॅडम, इमर्जन्सीत निर्णय पायलटचा," तो म्हणाला. "तुम्हाला काय हवंय ते सांगा, बाकीच्या विमानांना मी बाजूला करतो."

"अगं, ते मोठा एअरपोर्ट सजेस्ट करतायत ना, ऐक ना यार," नवरा म्हणाला.

इमर्जन्सीत निर्णय पायलटचा, हा नियम परीक्षेसाठी मी घोकून पाठ केला होता. तो खरा असतो हे मात्र तेव्हा पटलं.

"इमर्जन्सी डिक्लेअर करतेय. मोठ्या एअरपोर्टला जमणार नाही. मी इथे उतरतेय."

माझा आवाज मलाच नवा वाटला. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, अंगात वीज खेळत होती. तिथे उतरायला आलेल्या एका जेटला कंट्रोलरने माझ्यासाठी चक्क मागे फिरवलं. आजवर माझ्यासाठी कुणी रांगेतून सरकलं नव्हतं.

चाकं टेकली, विमानाने एक उडी मारली आणि पळत सुटलं. अजून धावपट्टीवरच होतो, तेवढ्यात इंजिन खडखडून बंद पडलं. पुढचा पंखा जागच्या जागी थांबला.

नवऱ्याने त्या पंख्याकडे बघितलं.

"मोठा एअरपोर्ट अजून किती लांब होता गं?"

मी त्याचा हात धरला आणि आम्ही दोघंही ढसाढसा रडलो.