खाणीतला अर्धा पाटा

मंचरच्या बाहेर माळावर आमची वस्ती होती. दगडखाणीची. नव्वदनंतर रस्त्यांची कामं निघाली, खडीमशीन आलं अन् त्याच्यामागं आम्ही दोघं आहुप्याकडचा डोंगर उतरून आलो. पंधरा-वीस पत्र्याची घरं, एक किराणा, एक नळ. नळावरची भांडणं मशीनच्या आवाजावर चढायची. आता सांगून कुणाला खरं वाटत नाही.

खाणीत संध्याकाळी सुरुंगाचे बार उडायचे. सकाळी मुकादम आधी दोघांना पहारी देऊन कड्यावर पाठवायचा. सुटलेले दगड त्यांनी खाली ढकलले, की मग बाकीचे उतरायचे. अमावास्येला काम बंद. त्या दिवशी घरासाठी एखादा दगड न्यायची मुभा होती. बार नाही म्हणून सगळे बिनघोर उतरायचे. पण बार आदल्या संध्याकाळी उडालेलाच असायचा, अन् पहार त्या दिवशी कुणी लावलेली नसायची. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मला पाटा हवा होता. आमचे हे म्हणाले, "मंचरच्या बाजारातनं आणू की."

"दगडात राबता अन् बायकूला पाटा इकत आणता व्हय? लोकं हसत्याल."

"बरं राणीसरकार, खाणीचाच आणतो."

अमावास्येला सकाळीच छिन्नी घेऊन ते कड्याखाली बसले. दुपारी मी भाकरी घेऊन निघाले, वळणावर पोचले अन् कडा खाली आला. आवाज बारापेक्षा लहान होता. वस्तीत कुणी मान वर करून बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातनं पाटा निघाला. अर्ध्यावर टाकीचे ठिपके, बारीक, एका ओळीत. अर्धा तसाच कोरा. शेजारीण डिंगोऱ्याची, ती म्हणाली, "बाई, ह्यो घरात ठिवू नगं. पान्यात टाक." मी मान हलवली अन् दाराआड ठेवला. कुणी मागितला होता, ते तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

मग खाण बंद पडली. मशीन गेलं, लोकांनी घरांचे पत्रे काढून नेले. शेवटी शेजारीण निघाली. "चल आमच्या डिंगोऱ्याला. हितं कुनाशी बोलशील?" ती टेम्पोत बसेस्तवर मी बोलतच होते. खाणीत आता पाणी साठलंय.

पुढं कधीतरी एक पाट्या-जात्यांना टाकी लावणारी बाई वाट चुकून इकडं आली. पाट्यावरनं हात फिरवून म्हणाली, "आजी, हात लई चांगला हाय. अर्ध्यात का सोडला?"

"माझ्यासाठी घडवत व्हते," म्हटलं. "मीच मागितला व्हता."

मग तिनं छिन्नी काढली. "देते पुरा करून. पैसं नगं."

"नको गं. एकटीची चटणी ती केवढी."

चहा पिऊन ती गेली. मी पाटा धुतला, लसूण-मिरची त्या टाकीच्या अर्ध्यावर घेतली अन् वाटत बसले.