फलकावरची विमानविद्या

आकाशातली विमानं एकामागून एक सुखरूप खाली आणणं हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्याला मलकापूर स्टेशनवर स्वतःची वळकटी धड उतरवता येऊ नये? मला नाही आली. ती फलाटाऐवजी एका पेरूवालीच्या टोपलीत उतरली. बाईने चेपलेले चार पेरू शांतपणे निवडले आणि माझ्या हातावर ठेवले. मीही निमूटपणे विकत घेतले. अपराधी माणूस घासाघीस करत नाही.

अपराध पेरूंचा नव्हता, बारा वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा मला मुंबईच्या विमानतळावर नियंत्रण मनोऱ्यात नुकती बढती मिळाली होती. आमच्या दुसरबीडच्या शाळेने सत्कार ठेवला. मुख्याध्यापक नामदेव हा माझा शाळेपासूनचा सोबती. गुणवंतांच्या फलकावर माझं नाव रंगवायचं होतं आणि पेंटर ब्रश घेऊन उभाच होता. नामदेवने विचारलं, नावापुढे काय लिहायचं? मी म्हणालो, "विमानविद्या पदवीधर." अशी पदवी मी मिळवलेली तर नव्हतीच, पाहिलेलीही नव्हती. पण पेंटरने लिहिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नारळ घेऊन मुंबईला परतलो. त्यानंतर गावाकडे फिरकलो नाही.

या डिसेंबरात नामदेवचं पत्र आलं. त्याचा मुलगा सुधाकर बुलढाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यालाही नियंत्रक व्हायचंय. एका मोठ्या शहरात विमानविद्येचं खासगी कॉलेज निघालंय, त्याचं सत्र जानेवारीत सुरू होतं. 'तू गेलास त्याच वाटेने पोराला पाठवतो आहे. सोमवारी बुलढाण्याहून दाखला काढून घेऊ.'

मी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. तार करायला गेलो, तर 'पदवी खोटी' हे शब्द खिडकीतल्या कारकुनाला वाचून दाखवायचा धीर होईना. शेवटी येतो एवढंच कळवलं, रजा टाकली आणि शुक्रवारी रात्रीची गाडी धरली. कारकुनाला चुकवण्यासाठी माणूस इतक्या लांबचा प्रवास करतो, हे माझ्यावरून कळावं.

मलकापूरहून चिखलीची एसटी मिळाली. राजूरच्या घाटात ती अशी कण्हत होती, की सगळे प्रवासी मनातल्या मनात तिला ढकलत असावेत. कंडक्टर बोलका होता. बुलढाणा येईपर्यंत माझं गाव, पोरंबाळं आणि गुडघेदुखी त्याने काढून घेतली होती. नोकरी विचारल्यावर मी सांगितलं, विमानांना वाट देतो. खरं तेवढंच बोलून गप्प बसायला हवं होतं. पण मागच्या बाकावरचा एक फेटेवाला कौतुकाने वळून पाहू लागला, तेव्हा मी हेही जोडलं की माझ्या शब्दाशिवाय एक विमान हलत नाही. मुरलेली खोड प्रायश्चित्ताच्या वाटेवरही सुटत नाही.

चिखलीच्या वेशीवर तिची शिक्षा तयारच होती. कापसाचा हंगाम, बाजाराचा दिवस. सरकीच्या वासाने हवा जड झालेली. भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) जिनिंग कारखान्याच्या फाटकाकडे निघालेल्या आणि रिकाम्या परत फिरलेल्या, दोन्ही त्याच अरुंद रस्त्यात एकमेकींत अडकलेल्या. आमची एसटी मधोमध. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला, मग बिडी पेटवली.

"साहेब, तुमच्या शब्दानं इमानं हालतात," कंडक्टर म्हणाला. "या धा-वीस बंड्या काय चीज हाय?"

सगळी एसटी माझ्याकडे पाहत होती. मी उतरलो. रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरले आणि पुढच्या बंडीला मागे घ्यायला सांगितलं. बंडीवर एक पन्नाशीची बाई होती, हिरव्या लुगड्यातली, हातात कासरा धरलेली.

"बैल मांगं (मागे) जात नाहीत," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, जरा साहेबी आवाजात.

"तुमचं इमान मांगं जाते काय?"

"नाही."

"मंग बैलाले काऊन (कशाला) सांगता?"

तरी मी हट्टाने दुसऱ्या दोन बंड्यांना एकाच वेळी डावीकडे घ्यायला लावलं. दोघांनीही घेतलं, एकाच जागी. चाकात चाक अडकलं, एका बंडीचं चाक नालीत गेलं आणि वरच्या कापसाचा मोठा ढीग माझ्या डोक्यावर कोसळला. कापूस मऊ असतो, हा समज एक-दोन ओंजळींपुरताच खरा आहे. मी आतून बाहेर आलो तेव्हा एसटीच्या सगळ्या खिडक्यांतून दात दिसत होते. फेटेवाला तर फेटा काढून डोळे पुसत होता.

तेवढ्यात विहिरीच्या कठड्यावर एक विशीतला तरुण चढला. तो ओरडला नाही. फेट्यांच्या आणि बैलांच्या रंगांवरून एकेकाला हाक मारू लागला. "तांबड्या बैलाचे काका, तुम्ही थांबा." काका 'हाव' (हो) म्हणेपर्यंत तो स्वतः थांबला. मग, "भुऱ्यावाले दादा, उजव्या अंगानं लिंबापर्यंत." दादांनी "लिंबापर्यंत" असं परत म्हटल्यावरच तो तिसऱ्याकडे वळला. आधी रिकाम्या काढल्या, मग हिरव्या लुगड्यातली बाई, मग आमची एसटी. एकालाही मागे जा म्हणाला नाही. मला बिडी ओढायची सवय असती, तर एक पुरती संपायच्या आत रस्ता मोकळा झाला होता.

मी कापूस झटकायचा थांबलो. ऐकणाऱ्याने आज्ञा परत म्हटल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं व्रत. ते अंगी बाणायला मला दोन वर्षं आणि वरिष्ठांच्या असंख्य शिव्या लागल्या होत्या.

तो खाली उतरला, माझ्या कानातला कापूस त्याने काढला आणि वाकून नमस्कार केला. "काका, मी सुधाकर. बाबांनी घ्यायला पाठवलं."

चिखलीत मिरचीची भजी खाऊन आम्ही देऊळगावराजामार्गे दुसरबीडची एसटी पकडली. सुधाकरने पिशवीतून त्या कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. कव्हरवर पंखा फिरणारं विमान होतं. आतला मजकूर त्याला तोंडपाठ होता. हवामान, नकाशे, रेडिओ, विमानाची यंत्रं. मी शेवटचं पान वाचलं. तिथे बारीक अक्षरात, पण स्वच्छ लिहिलं होतं की नोकरीची हमी नाही. कॉलेज माझ्यापेक्षा प्रामाणिक निघालं.

"काका, कंट्रोलर व्हायला ही पदवी लागतेच ना? तुम्ही केली म्हणूनच लागले ना तुम्ही?"

मी मलकापूरचा एक चेपलेला पेरू काढला आणि तोंड भरून घेतलं. देऊळगावराजा आलं, तरी तो पेरू मी चावतच होतो. शाळू कणसं धरायच्या बेतात, मधूनच करडईचे पट्टे, उतरतं ऊन. एरवी यावर मी दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी मला फक्त सोमवार दिसत होता.

दुसरबीडला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नामदेव थांब्यावर उभा. केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. घरी नेण्याआधी तो मला शाळेत घेऊन गेला. माझ्या येण्यासाठी म्हणून त्याने फलकाला नवं रोगण दिलं होतं. माझं नाव सगळ्यात वर होतं, त्यापुढची विमानविद्या उन्हात चकाकत होती.

पेरू संपले होते. मी सांगून टाकलं.

अशी पदवी माझ्याकडे नाही. मी साधा बी.एस्सी., तोही दुसऱ्या खेपेला. खात्याच्या अर्जात पदार्थविज्ञानासह बी.एस्सी. असा एक रकाना असतो. तो भरलेला नसेल, तर पुढचं कुणी वाचत नाही. भरलेला असेल, तर परीक्षा घेतात, निवडतात आणि मग बाकीचं सगळं खातं आपल्या केंद्रात पहिल्या धड्यापासून शिकवतं. त्या कॉलेजात जे शिकवतील ते खोटं नाही, उपयोगाचंही असेल. पण त्याच्यासाठी बी.एस्सी. सोडणं म्हणजे फाटक विकून कुलूप घेण्यासारखं आहे.

सुधाकरने माहितीपत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "म्हणजे बी.एस्सी. झाल्यावर ही केली तर चालेल?"

"हौसेनं कर. चार शब्द आधीपासून ओळखीचे होतील, तेवढाच फायदा. नोकरी मात्र पहिल्या कागदावर लागते."

"मग इतके वर्षं काऊन नाही सांगितलं, काका?"

मी नामदेवकडे पाहिलं नाही. फलकाकडे बघूनच बोललो. अमरावतीला आम्ही दोघं बी.एस्सी.ला होतो. दुसऱ्या वर्षी पदार्थविज्ञानात मी नापास झालो. नामदेव वर्गात पहिला. दुसऱ्या खेपेच्या आधी सहा महिने तो मला रोज शिकवायला बसायचा. जातीमुळे त्याला मेसमध्ये आमच्या पंगतीत बसू देत नसत. मी आत जेवून यायचो आणि बाहेर येऊन त्याच्याकडून प्रकाशाचे नियम शिकायचो. एकदाही त्याच्यासाठी मेसमध्ये तोंड उघडलं नाही. मग त्याचे वडील गेले, शेवटचं वर्ष सोडून तो गावी मास्तर झाला. मी पास झालो.

"सत्काराच्या वेळी बी.एस्सी. म्हटलं असतं," मी म्हणालो, "तर पुढे सांगावं लागलं असतं, कुणी शिकवलं. आणि तेव्हा मी काय केलं. म्हणून नवीनच पदवी काढली. जिला मास्तर लागत नाही अशी."

शिपाई कुलूप घेऊन आला होता, तो दारातच थांबला. शाळेत नामदेव नेहमी पुस्तकी मराठी बोलतो. त्या वेळी नाही बोलला.

"मले वाटे, तू इसरला असशील," तो म्हणाला. "याद होतं म्हणतो, तर जास्तच वाईट झालं बे."

रात्री जेवायला बसलो. भाकरी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. नामदेवची बायको शेवंताबाई सारखी वाढत होती आणि मी नको म्हणत नव्हतो. मी त्यांच्या पंगतीत नामदेवच्या शेजारी बसलो होतो, पंचवीस वर्षं उशिरा. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती.

रविवारी सकाळी नामदेवने मला शाळेत नेलं. स्टूल, काळा आणि पांढरा रंग, ब्रश सगळं मांडून ठेवलं होतं. पेंटर नव्हता.

"पुसा," तो म्हणाला. आता पुन्हा पुस्तकी मराठी, आणि मला अहोजाहो. "मग खरे असेल ते लिहा."

खाली आठ-दहा मुलं जमली. माझ्या नियंत्रणाखालच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. काळ्या रंगाचा एक ओघळ माझ्या बाहीत गेला. मी लिहिलं: 'बी.एस्सी., दुसऱ्या खेपेस. पदार्थविज्ञान शिकवणारे: नामदेव गुरुजी.' पहिली ओळ फार मोठी काढली, म्हणून गुरुजींना जागा अपुरी पडली आणि शेवटची अक्षरं चौकटीवर चढली.

नामदेवने चष्मा लावला, दोनदा वाचलं. "पदार्थविज्ञानात किती पडले होते?"

"पस्तीस."

"यालाही पस्तीस," तो म्हणाला. "पास." आणि स्टूल धरलं, मला उतरता यावं म्हणून.

सोमवारी सकाळी सुधाकर आणि मी एकाच एसटीने निघालो. त्याच्या पिशवीत दाखल्याचा अर्ज नव्हता, प्रात्यक्षिकांची वही होती. माहितीपत्रकही होतं, पण वहीला कव्हर म्हणून घातलेलं. पंख्याचं विमान बाहेरच्या बाजूला. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणूस हलका होतो. तसं काही होत नाही. वजन तेवढंच राहतं, फक्त ते आता दुसऱ्याच्या वाटेत पडलेलं नसतं. निदान त्या दिवसापुरतं मला ते पुरलं.

चिखलीत गाडी बदलली, तर मलकापूरच्या एसटीवर तोच कंडक्टर. वेशीवर पुन्हा बंड्या अडकलेल्या. त्याने वळून दात दाखवले. "साहेब, उतरता काय?"

"नाही," मी म्हणालो. "मला पस्तीसच आहेत."

त्याला काही कळलं नाही. सुधाकर हसला, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि दाराकडे गेला.